गोळीचा वेग मोजताना

सावनेर ते नागपूर हे अंतर सुमारे ३६ किलोमीटर. लष्करी रायफलीची ७.६२ मिलिमीटरची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८४० मीटर वेगाने सुटते. हा वेग टिकला असता तर तिने हे अंतर पाऊण मिनिटात कापले असते. तो टिकत नाही, कारण हवा तिला अडवते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळीचा वेग माणसाने मोजला तरी कसा?

पहिले खात्रीचे उत्तर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये दिले. त्याने टांगत्या लंबकावर गोळी झाडली. गोळी लाकडात रुतली की लंबक झोका घेई. झोका किती, लंबकाचे वजन किती आणि गोळीचे किती, यावरून वेग निघे. हवेचा अडथळा समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही त्यातून उघड झाले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

१८५७ च्या काडतुसांवरील चरबीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण ती काडतुसे कागदाची असत, हे सहसा लक्षात राहत नाही. दारू मोजून कागदाच्या पुडीत भरायची. माप जरा चुकले की वेग बदलला आणि नेम खाली-वर झाला.

१८६० च्या दशकात बेल्जियमच्या ल बुलांझे या अधिकाऱ्याने विजेची मदत घेतली. गोळीच्या वाटेत तारांच्या दोन जाळ्या असत. पहिली तुटली की विद्युतचुंबकाला लटकलेली लांब कांब पडू लागे. दुसरी तुटली की सुरीची खूण त्या पडत्या कांबीवर उमटे. खुणेच्या उंचीवरून वेळ कळे. त्याच सुमारास, १८६९ मध्ये, आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना १९६४ चा. आता तारांची जागा प्रकाशाच्या पडद्यांनी आणि रडारने घेतली आहे.

वेग सारखा का हवा, हे नेमबाजाला विचारावे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. पॉइंट टू टूच्या गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने कमी झाला, तर हिशेबाने ती साधारण ७ मिलिमीटर खाली लागते. म्हणजे नेम बरोबर, हात स्थिर, तरी गोळी मध्यापासून ढळली! म्हणून रायफल शिकंज्यात आवळून एकाच लॉटच्या गोळ्या झाडतात आणि छिद्रे किती जवळ पडतात ते पाहतात.

परदेशात हौशी नेमबाज घरीच काडतुसे भरून अशी चाचणी घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

या परीक्षेत एक अडचण मात्र कायमची आहे. जी गोळी तपासली, ती संपली. जवानाच्या हाती येते ती नेहमी न तपासलेलीच. तिच्यावर त्याने विसंबावे, ते तिच्या लॉटमधल्या तपासून संपलेल्या गोळ्यांच्या भरवशावर. म्हणूनच भरणाऱ्याचे माप प्रत्येक वेळी तेच असावे लागते.