मनातले मांडे, खापरावरचे मांडे

'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार शिकविताना मी वर्गात विचारतो, "खरे मांडे कुणी खाल्लेत?" दोन-तीनच हात वर होतात, तेही बेळगावात!

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मंडक' येतो. गव्हाची कणीक हातांवर पसरवून खापरावर भाजायची. माझी आईही पालथ्या खापरावरच मांडे भाजी. पिठीसाखर पसरून गरम असतानाच घडी घाली.

१९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. मांडा मराठी की कानडी, हा वाद मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकला. राजा कर्नाटकाचा, ग्रंथ संस्कृत, वाक्प्रचार मराठी. मग निवाडा काय करायचा? मांडा पसरणारे हातच उरले नाहीत, तर वादालाही काही उरणार नाही. म्हणून या दिवाळीत मी वहिनींपुढे कणीक घेऊन बसणार आहे.