धुरा नसलेल्या बांध्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एटापल्लीत मी संगणकाचे वर्ग घेत होतो. जंगलातून येणारी केबल तुटली की दिवस दिवस इंटरनेट नसे आणि असे तेव्हा मुंगीच्या पावलाने चाले. अशा ठिकाणी ब्राउझरचे अपडेट म्हणजे डोक्याला ताप. ते उतरू लागले की मुलांचे अर्ज अडकून पडत. म्हणून मी सगळ्या संगणकांवरचे अपडेट बंद करून टाकले होते आणि त्यात मला मोठे शहाणपण वाटत होते.

एके दिवशी आतल्या गावातली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. माहिती शोधताना तिने एक पान उघडले. ब्राउझर अचानक बंद पडला आणि पुन्हा उघडला तो भलत्याच खिडक्या घेऊन. मी तिच्यावर डाफरलो, "कशावर दाबलंस?" ती घाबरून म्हणाली, "काहीच नाही केलं सर. पान उघडलं फक्त."

चंद्रपूरहून दुरुस्तीला आलेल्या मुलाने तो संगणक पुसून नव्याने लावून दिला. जाताना म्हणाला, "सर, ब्राउझर तीन वर्षे जुना आहे. यातल्या भोकांतून आत शिरायला नुसते पान उघडणे पुरते." त्या मुलीला पासवर्ड बदलून अर्ज पुन्हा भरायला आणखी दोन खेपा माराव्या लागल्या. चूक तिची नव्हतीच. माझी होती. पण माझ्याही आधीची एक चूक होती आणि ती शोधत मला पन्नास-साठ वर्षे मागे जावे लागले. आज तोच इतिहास सांगणार आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे आपल्या धानाच्या बांध्या समजा. प्रत्येक बांधीला क्रमांक आहे. प्रोग्रॅम त्याला लागतील तेवढ्या बांध्या मागून घेतो. नाव ठेवायला दहा, चित्र ठेवायला दहा हजार. आता दहांच्या जागेत बारा अक्षरे ओतली तर काय होईल? मध्ये धुरा असेल तर जास्तीची अक्षरे अडतील. धुरा नसेल तर ती शेजारच्या बांधीत उतरतील. त्या बांधीत "यापुढचे काम कोणते" ही सूचना लिहिलेली असली तर ती पुसली जाईल आणि बाहेरच्याने धाडलेली अक्षरेच सूचना म्हणून पाळली जातील. संगणक परक्याच्या हाती जातो तो असा.

धुरा घालणे कुणाला सुचले नव्हते, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये टोनी होर या संगणकतज्ज्ञाने १९६० नंतरच्या काळात अल्गोल भाषेसाठी जी व्यवस्था केली, तीत प्रत्येक वेळी हद्द तपासली जाई. त्याने वेळ जायचा. पुढे ग्राहकांना विचारले गेले, की वेग हवा असेल तर ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का? सगळ्यांनी नको म्हणून सांगितले. आपल्या हातून चुका किती होतात हे ते अनुभवाने शिकले होते. १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना होर यांनी ही आठवण सांगितली आणि वीस वर्षांनंतरही भाषा घडवणारे हा धडा शिकलेले नाहीत, अशी खंत व्यक्त केली.

कारण मधल्या काळात, १९७२च्या सुमारास, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा तयार केली होती. यंत्रे लहान होती, मेमरी महाग होती. 'सी'ने धुरे घालण्याचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडले आणि त्या बदल्यात वेग दिला. भाषा अतिशय गुणी, जगभर पसरली. तिच्यातून निघालेल्या 'सी प्लस प्लस'मध्ये पुढे बहुतेक ब्राउझर लिहिले गेले.

या व्यवहाराची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळली. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम यंत्रामागून यंत्रात शिरत गेला. त्याची एक वाट अशी होती: यंत्रावर कोण काम करते आहे हे सांगणाऱ्या एका छोट्या सेवेत ५१२ अक्षरांची जागा होती आणि येणारी अक्षरे मोजलीच जात नव्हती. त्या वेळच्या अंदाजानुसार इंटरनेटवरच्या सुमारे ६० हजार यंत्रांपैकी ६ हजार तरी अडकून पडली.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आली. तोवर ब्राउझर पाने दाखवत होता. आता पानाबरोबर आलेला परक्याचा प्रोग्रॅमही चालवू लागला. पान उघडणे म्हणजे परक्याला घरात घेऊन कामाला लावणे झाले.

ब्राउझरमध्ये दुसरीही एक चूक फार होते. आपल्या आठवडी बाजारात चिंचेखालच्या तिसऱ्या जागेवर कासार बसतो. गिऱ्हाईक माणसाला ओळखत नाही, फक्त जागा लक्षात ठेवते. कासार उठून गेला, तिथे एखादा लफंगा बसला आणि गिऱ्हाईक सवयीने पैसे त्याच्या हाती ठेवून गेले, तर? प्रोग्रॅमही सोडून दिलेल्या जागेचा पत्ता धरून बसतो आणि तिथे आता जे असेल त्यावर विश्वास ठेवतो. १२ जानेवारी २०१० रोजी गूगलने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. त्या हल्ल्यात इंटरनेट एक्स्प्लोररमधली हीच जातीची चूक वापरली गेली होती. दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा, असे जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी संस्थांनी लोकांना सांगितले. मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारीला दुरुस्ती दिली.

उपाय दोन दिशांनी झाले. पहिला उपाय कुंपणाचा. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या मोठ्या दुरुस्तीत, माहिती ठेवण्याच्या जागेतून सूचना चालवण्यास मनाई करणारी सोय आली. २००८ साली आलेल्या क्रोमने पानांचे काम वेगवेगळ्या कोंडवाड्यांत ठेवले. एकात चोर शिरला तरी त्याने सगळे घर लुटू नये म्हणून. २०२२ साली क्रोमने आणखी एक युक्ती आणली. सोडलेल्या जागेचा पत्ता कुणाकडे शिल्लक असेल, तर ती जागा दुसऱ्याला द्यायचीच नाही. चिंचेखालची जागा गिऱ्हाईक विसरेपर्यंत रिकामी ठेवण्यासारखेच हे.

तरी मूळ दोष राहतोच. २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर चुका क्रोम तयार करणाऱ्यांनी तपासल्या आणि २०२० साली सांगितले, की त्यांतल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपल्या उत्पादनांबद्दल जवळपास हाच आकडा दिला होता. निष्णात माणसे वर्षानुवर्षे काळजी घेऊनही हे होत असेल, तर दोष माणसांच्या आळसाचा नाही, अवजाराचा आहे.

म्हणून दुसरा उपाय अवजार बदलण्याचा. कॅनडातले ग्रेडन होर (हे होर वेगळे) एकविसाव्या मजल्यावर राहत. इमारतीची लिफ्ट प्रोग्रॅम बिघडल्याने बंद पडली आणि त्यांना जिने चढावे लागले. त्या वैतागातून २००६ साली त्यांनी नवी भाषा रचायला घेतली. नाव ठेवले 'रस्ट', चिवट बुरशीवरून. आपले शेतकरी पिकावरच्या ज्या रोगाला तांबेरा म्हणतात, तोच हा रस्ट. या भाषेत कोणती जागा कुणाच्या मालकीची हे प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तपासले जाते. मालक गेलेल्या जागेचा पत्ता वापरू दिला जात नाही, आणि हद्दीबाहेर पाऊल पडले तर काम तिथेच थांबते. मोझिला संस्थेने पाठबळ दिले, २०१५ साली पहिली पक्की आवृत्ती आली आणि २०१७च्या फायरफॉक्समध्ये पानाची मांडणी-सजावट ठरवणारा भाग या भाषेत लिहिलेला होता. त्या भागात तोवर सुरक्षेच्या ६९ चुका सापडल्या होत्या. तो पहिल्यापासून रस्टमध्ये असता तर त्यांतल्या ५१ झाल्याच नसत्या, असा हिशेब मोझिलाने २०१९ साली मांडला.

परंतु जुना प्रोग्रॅम कोट्यवधी ओळींचा आहे, तो एका रात्रीत बदलत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'वेबपी' प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या भागात पुन्हा धुरा फुटल्याचे आढळले. तोच भाग क्रोममध्ये होता, फायरफॉक्समध्येही होता. दोघांनी एका दिवसाच्या अंतराने दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे भोक कुठे होते हेही चोराला समजले. त्या दिवसापासून ज्याच्याकडे अपडेट पोहोचले नाही, तो अधिक उघडा पडतो. केबल तुटलेल्या गावात ही शर्यत आपण सुरुवातीलाच हरतो.

आता मी आठवड्यातून एकदा, वर्ग सुटल्यावर रात्री अपडेट उतरवून घेतो आणि सकाळी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडतो. नुसते उतरवून भागत नाही. पुन्हा उघडल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. मोबाईललाही हेच लागू आहे.

ती मुलगी नंतर मला भेटली नाही. ती खरे बोलत होती, तिने पान उघडले होते फक्त. हे तिला तोंडावर सांगायचे राहून गेले, म्हणून आज आकाशवाणीवरून सांगतो आहे.