टायरच्या आधीचा जांभळा

राजवस्त्रांचा जांभळा रंग फिनिशियन लोकांनी आजच्या लेबनॉनमधल्या टायर बंदरात शोधला, असे आपण वाचत आलो आहोत. हेराक्लीसच्या कुत्र्याने किनाऱ्यावर एक समुद्री गोगलगाय चावली आणि त्याचे तोंड रंगले, ही आख्यायिकाही त्या बंदराशीच जोडलेली. जमिनीतला पुरावा मात्र क्रीटकडे बोट दाखवतो. क्रीटच्या आग्नेयेला कूफोनिसी हे चिमुकले बेट आहे. तिथे १९०३ साली पुरातत्त्वज्ञ आर. सी. बोझनक्वेट यांना म्युरेक्स गोगलगायींच्या ठेचलेल्या शंखांचा थर आढळला, आणि त्याच्यासोबत कामारेस शैलीची खापरे. ही रंगीत नक्षीची भांडी मिनोअन, म्हणजे क्रीटच्या कांस्ययुगीन संस्कृतीतले, कुंभार साधारण इ.स.पू. १९०० ते १७०० या काळात घडवत. टायरची कीर्ती त्यानंतर कित्येक शतकांनी पसरली.

शंख सापडले म्हणून रंगही होत असे, हे कशावरून? ही गोगलगाय भूमध्य समुद्राकाठी आजही खातात. तो ढीग खरकट्याचा का नसावा? शंका रास्त आहे. पण खाणारा गोगलगाय उकडून टोच्याने मांस अख्खे ओढून काढतो. शंख ठेचला तर घासाघासाला कचकच लागेल. रंगाऱ्याला हवी असते फक्त एक बारीक ग्रंथी. तिच्यातला फिकट रस हवेत आणि उन्हात हिरवा, मग निळा आणि अखेर जांभळा होतो. मोठ्या गोगलगायींची ग्रंथी काढून घेत आणि लहान मात्र शंखासकट ठेचत, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांना बारा हजार गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळाले. रसायन म्हणून पाहिले तर ती नीळच, फक्त रेणूत ब्रोमीनचे दोन अणू जास्त. एवढ्याशा रंगासाठी इतके जीव लागत असतील, तर शंखांचे थर साचणारच. शिवाय क्रीटमधल्याच आलात्झोमूरी-पेफ्का येथे खडकात कोरलेली मिनोअनकालीन कुंडे सापडली असून, तिथल्या अवशेषांच्या तपासणीत म्युरेक्सचा जांभळा आणि मंजिष्ठेच्या जातीचा लाल, असे दोन्ही रंग ओळखता आले.

आता उरते ती शंका अशी, की भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, म्हणजे टायरकडच्या, लोकांनी ही विद्या स्वतंत्रपणे कशावरून शोधली नसेल? शोधलीही असेल. गोगलगाय दोन्हीकडे होती आणि तिचा रस बोटाला लागला की डाग पडायचाच. म्हणून टायरने क्रीटकडून विद्या घेतली असा दावा करता येत नाही. पहिलेपणाचा मान टायरला देण्याचे कारण मात्र उरत नाही. टायरचा माल दूरवर खपला, त्याबरोबर नावही गेले. शब्दाची साक्षही क्रीटकडेच झुकते. ‘पर्पल’चे मूळ लॅटिन ‘पुर्पुरा’, आणि त्याचे ग्रीक ‘पोर्फिरा’. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी ‘लिनिअर बी’ ही लिपी उलगडली, तेव्हा क्रीटमधल्या क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवर याच कुळातला शब्द वाचता आला. तिथे तो राजाच्या मालकीच्या वस्तूंसाठी वापरलेल्या विशेषणाशेजारी लिहिलेला आहे.