पट्टीखालचा इतिहास

मिडी कंट्रोलर हे एक विलक्षण वाद्य आहे. त्याला स्वतःचा आवाजच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप तो संगणकाकडे धाडतो. सतार वाजायची की व्हायोलिन, ते संगणक ठरवतो. वाद्यातून आवाज वजा केला की उरतो तो स्पर्श. म्हणून असा कीबोर्ड निवडताना खरा प्रश्न एकच असतो: पट्टी बोटाखाली कशी वागते? गेल्या वर्षी मी ४९ ते ६१ पट्ट्यांचा, मध्यम आकाराचा कीबोर्ड शोधत होते, तेव्हा दुकानोदुकानी एकच सल्ला मिळाला: पट्टी जितकी जड, तितकी चांगली. हा सल्ला मला पटेना. तो आला कुठून, हे पाहायला मी इतिहासात शिरले.

पट्टीच्या वाद्यांची दोन घराणी आहेत. पहिल्यात बोटाचा जोर आवाजात उतरतो, दुसऱ्यात उतरत नाही.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील वाद्यकार बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. त्याच्या आधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की एक लहानशी नखी तार छेडे. बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने नखीच्या जागी हातोडी आणली. अडचण अशी होती, की हातोडी तारेला चिकटून राहिली तर तार मुकी होते. म्हणून तारेला लागण्याच्या क्षणभर आधीच हातोडी पट्टीच्या ताब्यातून सुटेल, अशी रचना त्याने केली. हे वाद्य १७०० सालच्या दरबारी यादीत नोंदलेले आहे. पुढे १८२१ मध्ये सेबास्तियाँ एरार याने त्यात मोठी सुधारणा केली. पट्टी पूर्ण वर न येताच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. पियानोच्या पट्टीला जाणवणारे वजन या तरफांचे आणि हातोडीचे आहे. ते सौंदर्यासाठी मुद्दाम घातलेले नाही, कामाच्या ओघात आलेले आहे.

दुसरे घराणे ऑर्गनचे. तिथे पट्टी म्हणजे वाऱ्याचे दार. दार उघडले की स्वर, मिटले की शांतता. पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले, ते याच कुळातले. पुढे बंगालमध्ये तिला हातभात्याचे रूप मिळाले आणि ती आपली पेटी झाली. मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन आपलेसे केले. ‘मानापमान’ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पेटीत लहानमोठेपणा पट्टीतून येत नाही, भात्यातून येतो. उजवा हात स्वर सांगतो, डावा हात श्वास देतो. पट्टी मात्र हलकी हवी, नाहीतर मुरकी अडखळते.

विसाव्या शतकातल्या विजेच्या वाद्यांनी बराच काळ या दुसऱ्या घराण्याचाच वारसा चालवला. १९३५ च्या हॅमंड ऑर्गनमध्ये पट्टी विजेचे संपर्क जोडत असे आणि आवाज पायाच्या पेडलने कमीजास्त होई. १९७० च्या मिनीमूगलाही बोटाचा जोर कळत नसे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून मिडीचे प्रात्यक्षिक झाले. गंमत अशी, की या दोन्ही वाद्यांच्या पट्ट्यांना वेग समजत नव्हता. मिडीच्या भाषेत मात्र वेगासाठी १ ते १२७ अशी जागा राखून ठेवलेली होती. त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ ने, ६१ पट्ट्यांवर, ती जागा वापरात आणली.

हा वेग मोजतात कसा? पट्टीखाली एकापाठोपाठ एक मिटणारे दोन संपर्क असतात. दोहोंमधला काळ जितका थोडा, तितका आघात जोराचा मानला जातो. म्हणजे कंट्रोलर वजन मोजत नाही, वेळ मोजतो. काही पट्ट्यांना तिसरा संपर्कही असतो. पट्टी अर्धवट वर येताच तोच स्वर पुन्हा ओळखता यावा म्हणून. एरारचाच प्रश्न, विजेने सोडवलेला!

इथे दुकानातल्या सल्ल्याचा उलगडा होतो. बाजारात तीन जाती दिसतात. फक्त स्प्रिंगवर चालणारी हलकी ‘सिंथ अ‍ॅक्शन’, स्प्रिंगला थोड्या वजनाची जोड असलेली ‘सेमी-वेटेड’, आणि पियानोची नक्कल करणारी ‘हॅमर अ‍ॅक्शन’. या चढत्या पायऱ्या नव्हेत, वेगवेगळी कुळे आहेत. पियानोवर घडलेल्या हाताला हॅमर अ‍ॅक्शनच हवी. पेटीवर घडलेल्या माझ्या बोटांना ती दिली, तर प्रत्येक खटक्याला ओझे होते.

हलकी म्हणजे कशीही चालेल, असे मात्र नाही. चांगल्या हलक्या पट्टीची परीक्षा मी अशी घेते. एकच स्वर वीस वेळा अगदी हळू वाजवावा. मध्येच एखादा गडप झाला किंवा ओरडला, तर पट्टी विश्वासाची नाही. मग काळ्या पट्ट्यांच्या मधल्या अरुंद जागेत पांढरी पट्टी दाबून पाहावी. पट्टीची तरफ आखूड असेल तर तिथे ती कडक लागते. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांना सारखाच प्रतिसाद मिळतो का, पट्टी आजूबाजूला डुलते का, सोडताना खडखडते का, हेही पाहावे. ४९ पट्ट्यांत चार सप्तके मावतात, पेटीच्या विस्ताराला ती पुरून उरतात. दोन्ही हातांनी वाजवायचे असेल तर ६१ बरी.

राहिला डावा हात. कंट्रोलरला भाता नाही. पण डावीकडे चाके असतात आणि मागे एक्स्प्रेशन पेडलसाठी जागा असते. आवाजाचा चढउतार त्यांपैकी एकाला नेमून दिला, तर श्वास परत मिळतो. मी सेमी-वेटेड, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आणि उसाशाचे काम चाकाला दिले. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही मी आता किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारते: तुमचा हात कुठल्या घराण्याचा? यंत्र नवे असले तरी बोटांना आपले कूळ ठाऊक असते, आणि ते विसरायला लावणारी पट्टी कितीही महाग असली तरी आपल्या कामाची नाही.