‘गारदी’ शब्दाचें भाग्य

ग्रीक भाषेंतील ‘फॅलँक्स’ हा शब्द मूळचा लाकडाच्या ओंडक्याचा वाचक. पुढें ढालीस ढाल भिडवून भाले रोखणाऱ्या पायदळास तेंच नांव मिळालें, आणि रांगेनें बसलेल्या बोटांच्या हाडांसही तें लागलें. मराठींतील ‘फळी’ अशीच सुताराच्या घरून रणांगणावर गेली. या शब्दांचे अर्थ आकाराच्या साम्यानें वाढले. परंतु कांहीं लष्करी शब्दांचें भाग्य माणसांच्या कृत्यांनीं ठरतें. ‘गारदी’ हा त्यांपैकीं एक; आणि त्याच्या वैभवाची एक जागा नांदेडशेजारच्या, आजच्या लातूर जिल्ह्यांत आहे.

पहारा या अर्थाच्या यूरोपीय ‘गार्द’ शब्दापासून ‘गारदी’ बनला. हुकमासरशीं एकजुटीनें चालणारा, बंदूकधारी, रोख पगाराचा कवाइती शिपाई, एवढाच त्याचा अर्थ. निजामाच्या पदरीं असलेल्या फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान याच नांवानें प्रसिद्धीस आला. पुढें तो पेशव्यांच्या चाकरींत शिरला. 1760 च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं उदगीर व औसा यांच्या दरम्यान निजामाच्या फौजेस कोंडून नमविलें, त्या मोहिमेंत या गारद्यांचा तोफखाना मराठ्यांच्या बाजूनें होता. तहांत सुमारें 60 लक्षांचा मुलूख मिळाला, आणि कवाइती पायदळावरील भाऊंचा विश्वास दृढ झाला.

तोच विश्वास पानिपतावर गेला. 14 जानेवारी 1761 रोजीं इब्राहिमखानाच्या गारद्यांनीं रोहिल्यांची फळी मोडली. त्यांत त्यांचा स्वतःचाही मोठा संहार झाला. खान शत्रूच्या हातीं सांपडला व मारला गेला. धन्याची साथ मात्र त्यानें सोडली नाहीं. त्या दिवसाच्या प्रलयास ‘भाऊगर्दी’ म्हणूं लागले. पण ही ‘गर्दी’ फारशी वळणाची, गारद्याशीं तिचें नातें केवळ ध्वनीचें.

30 ऑगस्ट 1773 रोजीं शनिवारवाड्यांत सुमेरसिंग व त्याच्या साथीदारांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. तेहि गारदीच होते. तेव्हांपासून मराठी मनांत गारदी म्हणजे पैशासाठीं धन्याचा घात करणारा मारेकरी, असें समीकरण बसलें.

एका दुपारच्या कृत्यानें उदगीर आणि पानिपत यांची साक्ष पुसली गेली. म्हणून जुन्या कागदांत हा शब्द आढळला, म्हणजे आधीं साल पाहावें. 1760 चा गारदी 1773 च्या रक्ताचा धनी नव्हे.