पेट्रोलच्या काट्याचं दर्यावर्दी कुळ

जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा जहाजावरच्या घड्याळाचा वंशज आहे, असं माझं ठाम मत आहे. सगळेच काटे नव्हेत. चावी फिरवताच टुणकन जागेवर जाणारा काटा चुंबकाच्या घराण्यातला, त्याचं कुळ वेगळं. मी बोलतोय ते सावकाश चढणाऱ्या काट्याबद्दल. त्याच्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. टाकीतला फ्लोट वर असला की तारेतून जास्त करंट वाहतो, पट्टी तापून वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो, म्हणून काटाही वेळ घेतो. घाटातल्या वळणांवर पेट्रोल हिंदकळलं तरी तो नाचत नाही, ते यामुळेच.

मोटारींच्या आरंभकाळात टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजत. मग बुचाचा तरंगा आला, मग वीज आली. ही वाट सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टी मात्र मोटारीहून सव्वाशेहून अधिक वर्षं जुनी आहे.

जॉन हॅरिसन हा इंग्लंडमधला सुतार. समुद्रावर रेखांश ओळखता यावा म्हणून अचूक घड्याळ करण्यात त्याचं आयुष्य गेलं. उदाहरणार्थ, आपलं रत्नागिरी साधारण 73 अंश 18 मिनिटं पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे इथला सूर्य ग्रिनिचच्या सुमारे 4 तास 53 मिनिटं पुढे. जहाजावरचं घड्याळ ग्रिनिचची वेळ दाखवत असेल, तर माध्यान्हीच्या सूर्याशी ती ताडून आपण किनाऱ्यापासून किती दूर आहोत ते कळतं. पण त्या घड्याळाची एका मिनिटाची चूक आपल्या अक्षांशावर सुमारे 26 किलोमीटरची होते. रात्री रत्नदुर्गाच्या कड्याखाली येणाऱ्या गलबताला एवढी चूक पुरेशी आहे. आणि उष्ण समुद्रात घड्याळ हटकून मागे पडायचं, कारण तापलेली स्प्रिंग ढिली होते.

हॅरिसनने 1740 मध्ये हाती घेतलेल्या तिसऱ्या घड्याळात पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या रिव्हेटनी एकमेकींना जखडल्या. पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे ऊन वाढलं की जोडपट्टी वाकायची आणि स्प्रिंगची चालती लांबी तेवढी कमी करायची. या घड्याळावर तो एकोणीस वर्षं राबला. वेस्टमिन्स्टर ॲबीत 2006 साली बसवलेल्या त्याच्या स्मृतिशिळेवरची रेखांशरेषा दोन धातूंची केली आहे, ती या शोधाच्या मानासाठी.

आता प्रतिपक्ष. काही जण म्हणतात, हॅरिसनची पट्टी रिव्हेटची, म्हणजे कच्ची. पोलादावर पितळ वितळवून एकजीव करणारा टॉमस अर्नशॉ हाच खरा मूळपुरुष. मला हे पटत नाही. अर्नशॉने सांधा सुधारला. दोन धातूंच्या भांडणातून हालचाल काढायची ही कल्पना आधीचीच होती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. घड्याळातली पट्टी उष्णतेचा दोष पुसते, मोटारीतली पट्टी मात्र उष्णतेलाच निरोप्या करते. मग हॅरिसनकडे कशाला जायचं? तापमापी बनवणारा ब्रेगे किंवा 1830 मध्ये थर्मोस्टॅटचं पेटंट घेणारा अँड्र्यू युअर यांच्याकडे का नाही?

याचं उत्तर काट्याच्या पोटातच आहे. तिथली पट्टी सरळ नसते, इंग्रजी यू अक्षरासारखी असते. तारेचं वेटोळं तिच्या एकाच पायावर असतं, दुसरा पाय मोकळा. मे महिन्यात मांडवीच्या किनाऱ्यावर उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, तेव्हा दोन्ही पाय सारखेच वाकतात आणि एकमेकांचं वाकणं खोडून काढतात. काट्यापर्यंत जातो तो फक्त तारेचा ताप. हा मोकळा पाय म्हणजे हवेच्या उष्णतेचा दोष पुसणारी हॅरिसनची युक्ती, जशीच्या तशी. युअरकडून घराण्यात आला तो वाकणारा पाय. मोकळा पाय हॅरिसनचा आणि कुळ त्यावरून ठरवावं, असं मी म्हणतो. मधली एक पिढी ग्योमची. त्याने 1896 मध्ये जवळजवळ न प्रसरणारा निकेल-लोखंडाचा इनव्हार शोधला आणि 1920 चं नोबेल मिळवलं. पितळ-पोलादाच्या जोडीपेक्षा जास्त वाकणाऱ्या पट्ट्या त्यामुळे शक्य झाल्या.

हीच पट्टी डॅशबोर्डमागे पुन्हा भेटते, स्टॅबिलायझरच्या डबीत. इंजिन बंद असताना बॅटरी 12 व्होल्ट देते, चालू असताना 14 च्या आसपास. तेवढ्याने तारेतला ताप 36 टक्के वाढतो आणि काटा खोटं बोलू लागतो. डबीतली पट्टी तापून पॉइंट उघडते, गार होऊन मिटते. स्मिथ्स कंपनीच्या पद्धतीच्या डबीत या उघडझापीची सरासरी 10 व्होल्ट येते.

बिघाड शोधतानाही हे कुळ मदतीला येतं. पेट्रोल आणि पाण्याचं तापमान, दोन्हींचे काटे एकदम जास्त दाखवू लागले, तर टाकी उघडू नका. डबीचा अर्थ, म्हणजे चेसिसशी असलेली जोड, गेलाय. अर्थ नसला की पट्टी तापत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि पूर्ण व्होल्टेज पुढे जातं. दोन्ही काटे मेले असतील तर आधी फ्यूज पाहा, मग डबी. एकच रुसला असेल तर त्याची वायर किंवा फ्लोट. स्मिथ्स पद्धतीत फ्लोटची वायर काढून चेसिसला जोडली की काटा पूर्ण भरल्याच्या खुणेकडे चढायला हवा. तो चढला तर दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. ही जोडणी चावी बंद ठेवून करा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडणार नाही, मग चावी फिरवा आणि काटा हलताच ती बंद करा, नाहीतर तार जळेल.

खाऱ्या वाऱ्याच्या आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या आपल्या गावात डबीचा अर्थ देणारा स्क्रू गंजणारच. म्हणून रत्नागिरीतल्या जुन्या गाडीवाल्यांना एवढंच सांगणं आहे: डबी फेकून देण्याआधी तो स्क्रू काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि मगच नव्या डबीचे पैसे मोजा.