स्फोटजन्य मेंदूइजा

स्फोटाच्या दाबलहरीमुळे मेंदूला होणारी इजा. डोक्यावर काही आदळले नाही, कवटी फुटली नाही, तरी ती होऊ शकते; लहर काही मिलिसेकंदांत कवटीतून मेंदूपर्यंत पोहोचते. सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष दिसतो आणि डोकेदुखी, विस्मरण, निद्रानाश या तक्रारी ‘मनाच्या’ ठरवल्या जातात. हा रुग्णावर अन्यायच आहे. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये रणांगणावरील सैनिकांच्या अशा लक्षणांसाठी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली, तेव्हापासून शरीर की मन हा वाद चालू आहे.

विषय केवळ रणांगणाचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम रासायनिक वसाहतीत २०२१ मध्ये प्राणघातक स्फोट झाला. अशा दुर्घटनांत भाजलेल्या जखमांबरोबरच वाचलेल्यांची स्मृती आणि एकाग्रताही तपासायला हवी.

संशोधक शैलेश गणपुले यांनी नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात नामस चंद्रा यांच्यासमवेत शॉक ट्यूब (प्रयोगशाळेत दाबलहर निर्माण करणारी नळी) व संगणकीय प्रतिमाने वापरून दाबलहरीच्या डोक्यावरील परिणामाचा अभ्यास केला. हेल्मेट आणि डोके यांमधल्या फटीत लहर शिरते, स्फोटाच्या विरुद्ध बाजूला एकवटते आणि तेथील दाब वाढवते, हे त्यांच्या २०१२ च्या शोधनिबंधातील महत्त्वाचे निरीक्षण. फटीत गाद्या बसवल्यास हा परिणाम घटतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरोत्तर संशोधनानंतर गणपुले आयआयटी रुरकी येथे अध्यापक झाले.